पुलावरची चार मिनिटं

मंडळी, बसा, बसा. मागचे जरा पुढे सरका, खांबाला टेकून कीर्तन ऐकणाऱ्याला अर्धंच पुण्य मिळतं! बोला, नर्मदामैयाचा जयजयकार असो!

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. लांबचा रस्ता माणसानं कसा तुडवावा? भरभर, की सावकाश? एक म्हणतो, सकाळी निघालो की संध्याकाळी मुक्कामाला गाडी लागलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, वाटेत चहा घेऊ, देऊळ बघू, झाडाखाली पाठ टेकू. तिसरा दर वर्षी रजेपुरता तुकडा चालतो आणि पुढच्या वर्षी त्याच दगडापासून पुढे निघतो. यातला खरा प्रवासी कोण? देवाला कोणाचा वेग आवडतो? तुम्हाला वाटतं उत्तर माहीत आहे. मला बघताय आणि मनात म्हणताय, बुवा हळू चालणाऱ्याचीच बाजू घेणार! थांबा. ऐका.

मिरजेचे अनंतराव पोतनीस. वय बासष्ट, गाडी स्वतःची, आणि गाडीपेक्षा जास्त अभिमान वेळेचा. "मिरज-नागपूर? अकरा तास. जेवणासकट!" असं लग्नाच्या पंगतीत सांगणारा माणूस. जेवणसुद्धा कसलं? एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात पोळीची गुंडाळी! हसू नका, प्रत्येक घरात एक अनंतराव असतो. आणि त्याच्या शेजारच्या सीटवर एक कुमुदताई असते.

या कुमुदताईंची पंचवीस वर्षांची एकच इच्छा. नर्मदेची परिक्रमा. आधी पायी करायची होती. संसारात राहून गेली, मग गुडघे गेले. शेवटी अनंतराव म्हणाले, "अगं, रडतेस काय? गाडीनं करू. सात दिवसांत उरकू."

उरकू! मंडळी, परिक्रमा म्हणजे काय भांडी आहेत उरकायला? पण मी त्यांना नावं ठेवत नाही. बायकोची इच्छा कानावर गेली आणि गाडी बाहेर काढली, एवढं तरी किती जण करतात?

ज्यांनी ही वाट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओंकारेश्वराला संकल्प सोडायचा. मैयाचं पाणी एका लहान कुपीत भरून घ्यायचं, रोज तिची पूजा करायची. नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची. समुद्रापर्यंत जायचं, तिथं होडीनं पलीकडे, मग उत्तर तटानं उगमापर्यंत, उगमाला वळसा घालून परत ओंकारेश्वर. आणि मधे कुठेही, कुठेही बरं का, नदी ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा खंडित. पुन्हा पहिल्यापासून!

निघाले दोघं. कुमुदताईंच्या मांडीवर कुपी, अनंतरावांच्या समोर मोबाईल. समुद्रापाशी होडीवाले म्हणाले, "भरती येईपर्यंत थांबा." अनंतरावांना भरती थांबवते म्हणजे काय! घड्याळ बघतायत, येरझाऱ्या घालतायत. कुमुदताई मात्र वाळूत बसून पाण्याकडे बघतायत. गाडी एका ओळखीच्या माणसानं वळसा घालून पलीकडे आणून दिली, आणि उत्तर तटाचा प्रवास सुरू झाला.

रोज संध्याकाळी मुक्कामाला कुमुदताई एकच विचारायच्या, "अहो, मैया उजव्या हाताला आहे ना?" आणि हे म्हणायचे, "आहे, आहे."

वाटेत एक माणूस दिसला. डांबरी रस्ता, दुपारचे बारा. तो साष्टांग दंडवत घालायचा, हात पोचतील तिथं खूण करायचा, उठायचा, खुणेवर उभा राहायचा, पुन्हा आडवा. असा अख्खी नर्मदा! अनंतरावांची गाडी त्याच्या बाजूनं गेली. त्याची सकाळ जेवढ्या रस्त्यात गेली होती, तेवढा रस्ता यांच्या डोळ्यांची पापणी लवेपर्यंत संपला. कुमुदताईंनी मान वळवून हात जोडले. "थांबा ना जरा." "अगं, नेमावर गाठायचंय!"

नेमावर आलं, उत्तर तटावरचं मोठं देवस्थान. दर्शन झालं. पुढे निघाले. दुपारची वेळ, ताईंचा डोळा लागलेला. मोबाईलमधली बाई म्हणाली, उजवीकडे वळा. अनंतराव वळले. रस्ता कसा, तर लोण्यासारखा! गाडी सुसाट. आणि एकदम चाकांखाली आवाज बदलला. धडक्, धडक्, धडक्. पुलाचे सांधे! खाली बघतात तो पाणीच पाणी. नर्मदा! मोबाईलच्या बाईला जवळचा रस्ता ठाऊक, तिला संकल्प काय ठाऊक?

पुलावर थांबता येईना. मागं ट्रक. गेले पलीकडे. गाडी कडेला घेतली. मनात म्हणतात, पंचवीस वर्षांची तिची इच्छा, आणि माझ्या हातून मोडली! हळूच शेजारी बघितलं. ताईंचं डोकं काचेला टेकलेलं, डोळे मिटलेले, कुपी मांडीत धरलेली.

आणि मंडळी, इथं माणसाची परीक्षा असते. सगळं जग बघत असताना कोणीही सरळ वागतो. कोणी बघत नाही तेव्हा काय करता, बोला? अनंतरावांनी गाडी वळवली. तोच पूल, तीच नदी, परत उत्तर तट. जाऊन-येऊन चार मिनिटं! कोणाला कळलं? कोणाला नाही.

त्या संध्याकाळी ताईंनी विचारलं, "अहो, मैया उजव्या हाताला आहे ना?"

"आहे ना! जाणार कुठे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी एका आश्रमात प्रसादाला बसले. समोरच्या पंगतीत एक म्हातारबुवा. बुलढाण्याकडचे, नथ्थूजी इंगळे. वय अठ्ठ्याहत्तर, पायांना भेगा, खांद्यावर एक झोळी. अनंतरावांनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला, "किती दिवस झाले निघून?"

"या खेपेचे? तिसरं वर्स चालू हाय भाऊ."

"म्हणजे याआधीही केलीत?"

"झाली नाही ना पुरी. पहिल्या खेपेले अडीच वर्सं चाललो. वंकारेश्वर चार दिसांवर आलं होतं. अन् ताप आला बापा! सुध नव्हती. गावच्या लोकायनं जीव वाचवाले होडीत टाकलं, पल्याडच्या दवाखान्यात नेलं. डोये उघडले, तं मैया डाव्या हाताले."

अनंतरावांचा घास हातातच.

"मग?"

"मंग काय! बरा झालो, वंकारेश्वरले गेलो, कुपी नवी भरली, निघालो."

"अहो, पण तुम्ही बेशुद्ध होता! तुमची चूक नव्हती. चारच दिवस उरले होते. कोण विचारणार होतं?"

म्हातारा हसला. काय हसला असेल! "इचारते कोन भाऊ? कोनीच नाही. पन मी मैयाले म्हनलो होतो, वलांडनार नाही. वलांडली. तं सांगून टाकलं. मले वाईट कायचं वाटते? एकदा पाहाची होती, दोनदा पाहाले भेटली!"

मंडळी, मी हे सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो, बघा हात! अडीच वर्षांची पायपीट. एका शब्दासाठी त्यानं सोडून दिली आणि पहिल्या पावलापासून उभा राहिला. तक्रार नाही, सुस्कारा नाही. आपण दोन तासांच्या रांगेत कोणी मधे घुसलं तर किती बोंबलतो! जरा पेटी धरा बंडोपंत, पद आमचंच आहे, चाल तेवढी उसनी:

*वेग नाही पुसत मैया, नाही पुसत दिनमान,*
*किती खरा आलास बाळा, एवढेच तिचे ध्यान!*

अनंतराव पानावरून उठले. हात धुतले. कुमुदताईंना बाहेर पिंपळाच्या पारावर घेऊन गेले. अकरा तासांत नागपूर गाठणारा माणूस, पण एक वाक्य बोलायला त्याला पाव तास लागला.

"कुमुद... काल नेमावरनंतर... मी पूल ओलांडला. तू झोपली होतीस. मी वळवून आणली गाडी. तुझी परिक्रमा मोडली गं. आणि वर मी तुला खोटं सांगितलं."

ताई कुपीवरचं फडकं नीट करतायत. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे."

"काय?"

"सांधे वाजले तेव्हाच जागी झाले होते मी. डोळे मिटून बसले."

"मग बोलली का नाहीस?"

"परिक्रमा मोडली, त्याचं दुःख झालंच. पण ती पुन्हा करता येते. तुम्ही सांगता का, एवढंच बघायचं होतं मला. कालची रात्र फार जड गेली हो."

काय बाई असेल! भांडली नाही, पकडलं नाही, नवऱ्याला स्वतःहून खरं बोलायला जागा ठेवून गप्प बसली. पायी परिक्रमेत जेवढं बळ लागतं, तेवढं त्या एका रात्रीत लागलं असेल. अनंतराव लहान मुलासारखे रडले. ताईंनी त्यांना रडू दिलं.

दोघं गाडी घेऊन ओंकारेश्वराला परतले. नवा संकल्प, नवी कुपी. यावेळी मोबाईल डिकीत! गाडीनंच केली बरं का, पायी नाही. अडतीस दिवस लागले. जिथं ताई म्हणतील तिथं थांबायचं. दंडवत घालणारा तो माणूस पुन्हा भेटला, त्याला पाणी दिलं, त्याच्या बाजूला रस्त्यावर बसून राहिले.

तर उत्तर मिळालं? देवाला भरभर आवडतं की सावकाश? त्याला काही फरक पडत नाही हो! कोणी आडवा होऊन जातो, कोणी गाडीनं, कोणी रजेपुरता. वेग तुमचा तुम्ही ठरवा. चुकीच्या पुलावर गेल्यावर काय करता, तेवढंच तिकडे बघतात.

आता टाळ्या नकोत, आधी ऐका. या मांडवात असा एकही माणूस नाही, ज्यानं आयुष्यात कुठल्या तरी पुलावरून गुपचूप गाडी वळवून आणली नाही. मीसुद्धा त्यातच आलो. आणि आपण सगळे याच भरवशावर जगतोय की शेजारचं माणूस झोपलेलं होतं. बायको झोपलेली होती, भाऊ झोपलेला होता, म्हातारी आई झोपलेली होती. मंडळी, ती झोपलेली नाहीत! डोळे मिटून तुमची वाट बघतायत. आज घरी जा, आणि सांगून टाका. हरी, हरी!