खुब्याचं ऑपरेशन आणि खरं बोलणारे डॉक्टर

सन्माननीय अध्यक्ष विश्वेश्वरराव, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले हाडांचे डॉक्टर बिंदुमाधव पुणतांबेकर, आणि जमलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

मी कालिंदी पाळंदे. शाळेत शिकवायचे; पण आज उभी आहे ती डॉक्टरांची रुग्ण म्हणून.

सत्त्याण्णव साली, म्हणजे आठ वर्षांपूर्वी, बाहत्तराव्या वर्षी, रामघाटाच्या पायरीवर पाय घसरून मी पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. मोडलेलं हाड स्क्रूंनी जोडायचं. ऑपरेशन लहान, पण या वयात हाड जुळेलच असं नाही. किंवा हाडाचा गोळा काढून धातूचा बसवायचा. ऑपरेशन मोठं, मात्र चालणं लवकर. फक्त जमिनीवर मांडी घालायची नाही.

माझा मोहन म्हणाला, "आई, गोळाच बदलू."

मी ऐकते थोडीच? देवळात संकठादेवीपुढे मांडी सोडून खुर्चीवर बसायचं? स्क्रूच घाला म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, दहांतल्या तिघा-चौघांना पुन्हा ऑपरेशन लागतं. हे जाणून हो म्हणत असाल, तर करतो."

पाच महिन्यांनी पाय भयंकर दुखू लागला. हट्ट माझा, मग सांगू कोणत्या तोंडाने? तपासणीला जाणंच टाळलं. शेवटी डॉक्टर स्वतः गल्लीतून चालत घरी आले. मला चार पावलं चालायला लावलं. आता बोलणी खावी लागणार, म्हणून मी मान खाली घातली. ते एवढंच म्हणाले, "हाड जुळलं नाही. यात तुमचा दोष नाही. आता गोळा बदलू." तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

दुसरं ऑपरेशन झालं, मी चालू लागले. पुढे कळलं, दोन्ही पद्धतींच्या रुग्णांची ते वर्षानुवर्षं नोंद ठेवतात, आणि डॉक्टरांच्या सभेत माझं फसलेलं ऑपरेशनही, नाव न घेता, त्यांनी वाचून दाखवलं. मी जरा रागानेच विचारलं, "ते कशाला सांगितलंत?"

"पुढच्या बाईला खरं सांगता यावं म्हणून."

गेल्या वर्षी नदीपलीकडच्या रामनगरच्या गंगाबाईंचं तेच हाड मोडलं. डॉक्टरांनी दोन्हींचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले, आणि मला विचारून माझी हकीकतही. त्यांनी पहिल्याच वेळी गोळा बदलून घेतला. पुन्हा टेबलावर जावं लागलं नाही. त्या पाहा, तिसऱ्या रांगेत. आज नावेतून उतरून घाट चढून आल्या आहेत.

डॉक्टर, माझ्या हट्टाचाही तुम्ही कुणाला तरी उपयोग करून दिलात. याचे आभार कसे मानायचे, ते इतकी वर्षं शिकवूनही मला येत नाही.

अध्यक्षांनी बसून बोला म्हटलं होतं; पण हे मला उभं राहूनच सांगायचं होतं. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर आपली म्हणून पदरात घ्या.