दुसरी गोळी

(इंग्रजी अमलातला काळ. अमरावतीजवळचं पऱ्हाटीचं शेत. कापसाची वेचणी चालू; कापसानं भरलेल्या बैलबंडीपाशी गाडीवान किसनराव. बांधावरच्या निंबाला बांधलेल्या झोळीपाशी सासू माणिकबाई आणि सून शकुन.)

शकुन : आत्याबाई, सूर्यभान उठून नाई राहिला. दूध बी ओढत नाई.

माणिकबाई : झोपू दे व! विलायतवाल्याईले कापूस पायजे, असा भाव जलमात आला नाई. उद्या बंडी बाजारात गेलीच पायजे.

शकुन : ओठ पाहा त्याचे. जांभये पडले.

माणिकबाई : अफूनं जराक सुस्ती येतेच. लय रडत होता, मघा गोयी देल्ली मी.

शकुन : तुमी देल्ली?

माणिकबाई : तिळाएवढी. साऱ्याच बाया देतात, त्याशिवाय येचणी होते का?

शकुन : घरून निंगताना मी देल्ली होती! तुमीच त सांगतलं होतं!

माणिकबाई : मले वाटलं, तू इसरली.

शकुन : दोन झाल्या, आत्याबाई.

माणिकबाई : पापणी वर कर. बाहुली पाह्य.

शकुन : मोहरीएवढी. अन् श्वास थांबून थांबून घेऊन राहिला.

माणिकबाई : नत्थुजीची नात अशीच झोपली होती.

शकुन : मंग?

माणिकबाई : तळव्याले चिमटे घे. जोरानं! आता माया करू नोको.

शकुन : ऊठ रे बाप्पा, ऊठ! तळवे लाल झाले, हूं की चूं नाई.

माणिकबाई : घे मनते न! उभा धर त्याले, मी पाठ चोळते. ओ किसनराव! बंडीतला कापूस खाली टाका! हो, साराच! बैलं जुंपा, लेकरू वैदाकडं न्याचं हाय!

शकुन : पाय ओढला! आत्याबाई, त्यानं पाय ओढला!

माणिकबाई : थांबू नोको. वैदाच्या दारापर्यंत झोपू द्याचा नाई.

शकुन : रडला वो, रडला! अन् ती अफूची डबी कुठं हाय?

माणिकबाई : माह्या कमरेले. हे घे.

शकुन : चुलीत घालीन. उद्यापासून पाठीले बांधून येचीन मी. अर्धा कापूस येचीन, पण गोयी देणार नाई.

माणिकबाई : दिवसभर भोकाड पसरन तो. बाया नावं ठेवतीन.

शकुन : ठेवू द्या.

माणिकबाई : चाल, बंडीत बस. अन् दे त्याले इकडं. माह्या कानापाशी रडू दे.