दिनाची वेलांटी

रक्ततपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एका ऑफिसातून निवृत्त झालेल्या टायपिस्ट बाई होत्या, आणि त्यांच्यामागे त्याच ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस.

"बाई, पत्राच्या कोऱ्या नमुन्यात तुमचा मॅक्रो सापडला, तो लपवलेला छोटा प्रोग्राम."

"सापडला का? अकरा वर्षं कुणाला दिसला नव्हता."

"फाइल उघडताना इशारा यायला लागला. साहेब म्हणाले, व्हायरस असेल, आधी काढून टाका. मी काढला, आणि मग वाचला."

"म्हणजे आधी फाशी, मग चौकशी."

"'दीन' दिसला की 'दिन' कर, अशा दोनशे ओळी होत्या हो त्यात."

"साहेबांच्याच चुका त्या. पहिली मी दाखवली होती त्यांना. म्हणाले, मी चुकत नाही, तुमचं मशीन चुकतं."

"मग?"

"मग मी मशीन सुधारलं."

"काल वर्धापन दिनाची तीनशे पत्रं गेली, बाई. सगळ्यांवर 'वर्धापन दीन'."

"दुसरी वेलांटी?"

"दुसरी. साहेब म्हणतात, मीच मशीनमध्ये काहीतरी घुसवलं. उद्यापर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर घरी बसा, असं पत्र दिलंय मला."

"पत्र त्यांनी स्वतः टाइप केलं?"

"स्वतः. 'ही चूक माझी नाही' अशी सुरुवात आहे."

"त्यातल्या 'चू'चा उकार पहिला आहे की दुसरा?"

त्याने खिशातला कागद काढून उलगडला.

"पहिला."

"मग वेगळा खुलासा कशाला लिहिताय? हाच परत द्या."