चौथी शाखा लाल

पोस्टाच्या रांगेत माझ्या पुढे एक मामा आणि त्यांचा नोकरदार भाचा उभे होते. बोलणं चोरून ऐकू नये हे मला ठाऊक आहे, पण रांग हलत नव्हती.

"मामा, कंपनीचे आकडे चित्रांत दाखवणारी तीन सॉफ्टवेअरं आम्ही तपासली. पहिल्या दोन्हींत विक्री उतरती. साहेब म्हणाले, ही अपशकुनी आहेत."

"आणि तिसरं?"

"हिरवंगार! नुसती चौथी शाखा लाल. साहेबांनी तेच घेतलं आणि चौथी शाखा बंद करायचं ठरवलं."

"अरे, चौथी म्हणजे आमच्या बेबीची नोकरी!"

"ताईची आणि आणखी तीस जणांची. पण ऐका तर. त्यात आमची माहिती कुणी भरलीच नव्हती, हे आज कळलं. विकणाऱ्यांनी नमुना म्हणून घातलेले आकडे आम्ही तीन महिने बघतोय."

"नमुना कुणाचा?"

"बिस्किटांच्या कारखान्याचा."

"गाढवांनो, तुम्ही तर नळ बनवता!"

"मालाच्या यादीत 'क्रीमवाली' होती. साहेबांना वाटलं, नळाचा रंग असेल."

"आणि बेबीची शाखा खरी कशी चाललीय?"

"पहिल्या दोन्हींत तेवढीच एक चढती होती."

"मग साहेबांना सांगितलंस की नाही, बाबा?"

"सांगितलं ना! मग म्हणाले, बंद करायच्या पत्रावर माझी सही झालीय. आता खरी माहिती भरा, आणि चौथी शाखा लाल होईपर्यंत भरत राहा."