संदेशची आयरिश गिटार

आमचा चुलतभाऊ संदेश, पुण्यात कंपनीत असतो तो! मोबाइलवर बघून गिटारवर आयरिश लोकसंगीत शिकलाय म्हणं. परवा राजुरीला आला आणि ओसरीवर आमाला बसवून लागला अक्कल पाजळायला. एकच चाल, परत परत तीच!

म्हटलं, "राव, पुढं काय हाय का न्हाई?"

नाक मुरडून म्हणतो, "तुम्हाला नाही कळणार. तिकडं गावातले लोक गोल करून बसतात, पिढ्यान्‌पिढ्यांची एकच चाल सगळे मिळून धरतात, हळूहळू वाढवत नेतात. त्यात हरवून जावं लागतं."

त्याचा बाप शेजारीच टाळ पुसत बसला व्हता. मान वर न करता म्हणाला, "मग एकादशीला देवळात भजनाला बस म्हटलं, की तुझं डोकं का दुखायचं रं?"