तीस फूट पाण्यात दीडशे फूट दोर

...आणि वर मलाच विचारतात, "हात कशाला लावला?" आता तुम्हीच सांगा, तीस फूट पाणी अन् त्याला दीडशे फूट दोर! दीडशे! आमच्या कळंबच्या विहिरीत पाणी तीस फुटांवर असलं तर पस्तीस फूट दोर सोडतो, बादली भरते, विषय संपला. यात माझं चुकलं काय?

तुम्हाला सांगतो, जावई कृष्णराज माणूस सोन्यासारखा. गाव ढोकी. सगळं गाव उसात, हा समुद्रात! मालदीवच्या पार खालच्या बेटांत कुण्या शेठच्या शिडाच्या बोटीवर कॅप्टन आहे. शेठची परवानगी काढून आम्हा नवरा-बायकोला आठ दिवस फिरायला नेलं. नारळाची झाडं, निळंशार पाणी, तळातला मासा दिसतोय... अन् मी काय बघतोय? दोर!

बेटाजवळ तीस फूट पाण्यात नांगर टाकला, त्याला दीडशे फूट दोर सोडला, आमच्या लेकीला, आरोहीला घेऊन छोट्या होडीतून निघाला, जाता जाता म्हणतो, "मामा, मागं सगळे खडक हायत. बोटीला ओरखडा उठला तर माझी नोकरी गेली. कशाला हात लावू नका." आता पत्रकाराला हात लावू नका म्हणायचं? तीस वर्षं मी दुसरं केलंय काय? टँकर का आला नाही विचारलं की साहेब तोंड वाकडं करून म्हणायचे, "तांत्रिक कारणामुळे." असा सोलायचो त्यांना पहिल्या पानावर! नासाडी दिसली अन् मी गप्प?

घेतला दोर ओढून! शंभर फूट! छान वेटोळं करून ठेवलं. बायको उमादेवी म्हणाली, "अहो, जावयाला विचारा तरी." म्हटलं, "पाणी आम्हाला कळतं!" यात माझं चुकलं काय?

मग आलं वारं... अन् बेट लागलं लांब जायला! मी म्हणतो, बेट कसं काय हलतंय? ही ओरडली, "अहो, बेट न्हाय, आपण चाललोय!" मागं बघतो तर काळे खडक! नांगर खाली वाळूत घसरत येतोय, ही खंडोबाला हाका मारतीय, मी दोराकडं बघतोय, अन् तिकडून जावई वल्हं मारत, ओरडत, "मामा, दोर सोडा! सगळा सोडा!"

सोडला. हात सोलले, पण सोडला. खडक वीस फुटांवर असताना बोट हिसका देऊन थांबली. जावई चढला, धापा टाकत म्हणाला, "मामा, औत आडवं ओढलं तर मातीत बसतं ना? वर उचललं की निघतं. नांगराचंही तसंच. दोर लांब पायजे."

अरे, मग आधी सांगायचं की! ढोकीचा माणूस, औताची भाषा येते, अन् सांगतो कधी? खडक आल्यावर!

वाटलं, मिटलं. तर यानं बोटीची वही पुढं केली. "मामा, बोट का सरकली त्याचं कारण लिहावं लागतं. शेठ वाचतो. तुम्ही पत्रकार, तुम्हीच लिहा. खरं लिहा."

लेकीकडं बघितलं. ती हसू दाबत होती. बायको दाबतही नव्हती. पेन घेतलं, तीस वर्षांचा अनुभव पणाला लावला, अन् काय सांगू तुम्हाला... लिहिलं, "तांत्रिक कारणामुळे."