पाच मीटर निळं कापड

नाही नाही, हात असेच पसरलेले ठेवा, आणि बोलू नका – बोललं की छाती फुगते, माप दोन बोटं चुकतं. एवढ्या लांब बेटावर निघालात, मग ड्रेस अंगावर नीट बसायला नको का? शुक्रवारी विमान, म्हणजे मला मधे दोन दिवस. होईल की. घाईबाई म्हणालीच असेल, माझी मैत्रीण फार पटकन शिवते म्हणून. तिनेच पाठवलंय ना तुम्हाला? मान नका हलवू, गळा घेतेय. घाईबाई हे मी ठेवलेलं नाव, शाळेपासूनचं – डबा खातानासुद्धा एक पाय वर्गाबाहेर असायचा तिचा. तुम्ही काय म्हणता तिला? असू दे, मला काय करायचंय. उंची मात्र छान आहे हो तुमची, तुमच्या खांद्याला पोचायला मला स्टूल लागतंय. पोहणाऱ्या बायकांचे खांदे असे होतात म्हणे. ती सांगायची ना – पोहायच्या क्लासात एक जण भेटली, मिनिटभर पाण्याखाली राहते, अशी हसते, तशी बोलते – दर शनिवारी तेच. मी म्हटलं, बाई, तुला मैत्रीण भेटलीय की मासा? झालं, मापं लिहून घेतली वहीत. बसा त्या खुर्चीत, तिच्यावरचे शिवलेले कपडे बाजूला सारा, वर्ष झालं, न्यायलाच आलं नाही कुणी. तुमच्यासमोरच कापते.

कापड छान निवडलंत. – निवडलं नाही? तिने दिलं? हो, ते पिशवीतून काढलंत तेव्हाच कळलं मला. निळ्यावर पांढरी पानं. पाच मीटर होतं हे, सहा वर्षं झाली घेऊन. दुकानदार टरकन फाडायला निघाला होता, मी म्हटलं थांबा, आणि पर्समधली माझी दातेरी कात्री काढून तिथेच मधोमध कापलं. अडीच तिचं, अडीच माझं. दोघींचे सारखे ड्रेस, बेटावर घालायला. हो, त्याच बेटावर. तुम्हाला काय वाटलं, ते बेट तिने परवा शोधलं? हे बघा, मशीनच्या वर, भिंतीवर – कॅलेंडरचं पान. सतरा वर्षांपूर्वीचं. एक लाकडी धक्का, चार नारळाची झाडं आणि हे एवढं पाणी. दर शनिवारी दुपारी ती हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून यायची, चहा घेऊन बसायची, आणि खाकी कागदावर – ज्यावर आम्ही ड्रेसचा नमुना काढतो ना, त्यावर – सगळं आखायचो. मोठं विमान, मग लहान विमान, मग ती बोट, पंधरा दिवसांतून एकदा सुटते, आठच माणसं घेते, आणि वारा असला तर तीही नाही. बोटीत मागे डावीकडे बसायचं, तिथे कमी हलतं, हे सांगितलं ना तिने तुम्हाला? ते मी शोधून काढलेलं. एका खलाशाची पँट आखूड करताना खोदून खोदून विचारलं होतं. मला बसमध्येसुद्धा मळमळतं, म्हणून ती जागा माझी ठरली होती. आता तुम्ही बसा. तुम्हाला काय, तुम्ही पाण्याखालीही बसाल.

टोचून बोलतेय का मी? बोलतेय. जळतेय, म्हणून बोलतेय, उगाच लपवू कशाला. मग इतकी वर्षं गेला का नाहीत, असं मनात आलं ना तुमच्या? आलं असणार. आधी मुलाची परीक्षा, मग सासूबाईंचं खुब्याचं हाड, मग शाळेच्या गणवेशांची ऑर्डर – आणि दर वेळी घाईबाई म्हणायची, बरं, पुढच्या वर्षी. जी बाई लिफ्टसाठी थांबत नाही, जिने चढून जाते, ती माझ्यासाठी सतरा वर्षं थांबली. या वर्षी बुकिंगचा फॉर्मच घेऊन आली. म्हणाली, सासूबाई गेल्या, मुलगा नोकरीला लागला, आता सही कर. आणि त्याच दमात म्हणाली, क्लासातलीलाही यायचंय, तिघी जाऊ. तिघी. मी म्हटलं, मला वेळ नाही. खोटं बोलले. एक ऑर्डर नव्हती हातात, दिवसभर माश्या मारत होते. मला वाटलं समजूत काढेल, निदान एकदा तरी म्हणेल की तू नाहीस तर मीही नाही. ती भिंतीवरच्या त्या पानाकडे बघत म्हणाली, बरं. त्यानंतर तीन शनिवार झाले, फिरकली नाही. हे सगळं तुम्हाला कशाला सांगत बसलेय मी. पाणी घ्या, तिथे जग आहे.

ही पाठ निघाली बघा. आत दोन बोटं माया ठेवलीय, बेटावर खाऊन खाऊन सुटलात तर उसवता येईल. खडू कसा सरसर चालतोय ना? या कापडावर मनातल्या मनात किती वेळा फिरवलाय तो – गोल गळा, बाही नाही, उंची पोटरीपर्यंत. दोन्ही तुकडे मी तिच्याकडेच ठेवायला दिले होते. म्हटलं, दुकानात नकोत, कामाच्या गडबडीत एखाद्या दिवशी भलत्याच कुणाच्या मापाला कापून बसेन. खरं सांगू, बोटीतल्या जागेचं मला एवढं नाही. पण माझा तुकडा कपाटातून काढायचा, घडी मोडायची आणि तुमच्या हातात द्यायचा, आणि वर तो माझ्याकडेच शिवायला पाठवायचा – हात नाही अडखळला तिचा? मला एका शब्दानं विचारता नसतं आलं? मी दिला असता. नसता दिला, पण विचारायचं तरी. हं, पुढचा भागही निघाला. आता हे टोक उरलं, त्यातून गळ्याची पट्टी –

हा शिक्का कसा काय इथे?

गिरणीचा शिक्का आहे. ताग्याच्या शेवटी असतो. तो तिच्या वाट्याला गेला होता, मीच हसले होते, म्हटलं, नीट शिवलं नाही तर बसशील तिथे गिरणीचं नाव उमटेल. – म्हणजे हा तिचा तुकडा. तिने तुम्हाला स्वतःचा दिला. मग ती काय घालणार? – जुनाच सुती ड्रेस? आणि माझा? तुम्ही पाहिलात? कपाटात आहे? – कशात गुंडाळलाय? खाकी कागदात. त्यावर काही लिहिलेलं, आखलेलं दिसलं का? – विमान, बोट, सगळं? बरं. आणि बोटीतली ती तिसरी जागा, माझी – नाही, थांबा, ते नका सांगू.

ती टेप द्या जरा. आणि वही उघडा, शेवटचं पान, तुमच्या ड्रेसची उंची किती इंच लिहिलीय वाचा. अठ्ठेचाळीस. हे बेचाळीस कापलंय मी. खांदा? सोळा. इथे साडेतेरा आहे. दोन बोटं माया पुरायची नाही याला. – नाही हो, दुसऱ्या कुणाचं पान नव्हतं उघडलं. वही मिटलेलीच होती, तुम्हीच उघडलीत ना आत्ता. हे माझं माप, ते मला वहीत बघावं लागत नाही.

उठा, जा तुम्ही. तिला म्हणावं, दुसरा तुकडा आजच पाठव, तो तुमच्या मापाने कापते, शिक्का नाही त्याला, चांगला निघेल. – हा? हा राहू दे इथेच. जाताना पडदा ओढून घ्या.